मागच्या सीटवर कोण बसतं?

खाली बसवलेली गाडी गॅरेजच्या दारात आली की मी आधी तिचं मागचं दार उघडतो. सीटवर शाळेचं दप्तर आहे का, मॅटवर शेतातला चिखल किती, डिक्कीत धान्य सांडलेलं आहे का, हे बघतो आणि विचारतो, "मांगं कोन बसते?" पोरं जरा गोंधळतात. शॉकअप बदलायला आलो आणि हा मिस्त्री घरच्या माणसांची चौकशी करतो, असं त्यांना वाटतं. पण इतकी वर्षं सस्पेन्शनचं काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: मागच्या शॉकअपची निवड याच प्रश्नापासून सुरू होते. कंपनी कोणती, किंमत किती, कडक की नरम, हे सगळं नंतर.

आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. अकोल्याहून पातूरचा घाट चढून, मेडशीवरून वाशीम-हिंगोली-नांदेडकडे जाणारा महामार्ग आणि नागपूरकडून कारंजा, शेलूबाजारमार्गे मेहकर-जालन्याकडे जाणारा जुना रस्ता इथंच एकमेकांना भेटतात. त्यामुळे गॅरेजला काम कमी पडत नाही, आणि रस्त्यांचे सगळे नमुने एकाच गावाभोवती सापडतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हापासून इथली माणसं शेलूबाजारजवळून काँक्रीटवर चढतात आणि ताशी १२० च्या वेगानं नागपूर गाठतात. तीच गाडी दुसऱ्या दिवशी शेताच्या पांदण रस्त्यावर असते. मधल्या गावरस्त्यांचं तर विचारूच नका. आमची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वर्ष-दोन वर्षांत लाटा घेतो. खड्डा दिसतो, माणूस ब्रेक मारतो. लाट दिसत नाही. अंगात वेग असलेली गाडी तिच्यावरून उचलली जाते आणि पलीकडे मागच्या बाजूवर बसते. त्या क्षणी मागच्या शॉकअपची खरी परीक्षा होते.

मी स्वतः गाडी खाली बसवून देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या आधीच कुणीतरी बसवलेल्या असतात. पुण्याहून, नागपुरातून वापरलेली हॅचबॅक घेतली, ती आधीच्या मालकानं चार-पाच सेंटिमीटर खाली केलेली. दिसायला झकास, चाकं मडगार्डात भरलेली. महिनाभरात तक्रार सुरू होते, आणि तक्रारीचे शब्दही ठरलेले असतात, "भाऊ, मांगून लय आदळून राह्यली. शॉकअप गेले वाटते. चांगले कडक टाकून द्या."

इथंच पहिला घोळ होतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही. स्प्रिंग दबली की परत उसळते, पुन्हा दबते. झोक्याला हात लावून थांबवावं तशी ती उसळी थांबवणं, एवढंच शॉकअपचं काम. आतमध्ये तेल असतं, पिस्टनला बारीक छिद्रं आणि झडपा असतात, आणि त्यांतून तेल जबरदस्तीनं जाताना उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर शॉकअपला हात लावला तर तो कोमट लागतो. पूर्ण थंडगार लागला, तर तो काम करत नाही असं समजायचं. चांगला शॉकअप दाबताना कमी जोर घेतो, ओढून उघडताना जास्त घेतो. स्प्रिंग परत उसळताना तिला आवरायचं असतं ना, म्हणून.

आता गाडी खाली बसवली की काय होतं? कुणी स्प्रिंगचा वेढा कापतो. कामाचे ६ वेढे असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग साधारण २० टक्क्यांनी कडक होते. तिला आवरायला शॉकअपचा जोर मात्र १० टक्क्यांच्या आसपास वाढला तरी पुरतो. दुप्पट कडक शॉकअप लागतात हा समज इथंच खोटा ठरतो. कुणी याहून वाईट करतो, गॅसच्या ज्योतीनं स्प्रिंग तापवून बसवतो. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी त्यात उतरतं. ती आज दोन इंच बसली, पुढच्या वर्षी आणखी बसेल, एखाद्या दिवशी तुटेलही. अशी गाडी आली की मी शॉकअपचा विषयच काढत नाही. आधी स्प्रिंग बदला, मग बोलू.

पण मुख्य गोष्ट जागेची आहे. शॉकअपच्या दांड्यावर किंवा चेसिसला एक रबरी ठोकळा असतो, त्याला आम्ही बंपस्टॉप म्हणतो. चाक फार वर आलं की ते या ठोकळ्यावर टेकावं आणि लोखंडावर लोखंड आपटू नये, यासाठी तो दिलेला असतो. समजा, कंपनीच्या उंचीवर रिकाम्या गाडीत ठोकळ्यापर्यंत ८ सेंटिमीटर जागा आहे. गाडी ४ सेंटिमीटर खाली बसवली. उरली ४. आता मागच्या सीटवर तीन मोठी माणसं बसवा आणि डिक्कीत एखादी बॅग ठेवा. साधारण साडेनऊशे किलोची पुढच्या चाकांवर ओढणारी छोटी गाडी रिकामी असताना मागच्या चाकांवर पावणेचारशे-चारशे किलोच असतात. त्यावर एकदम दोनशे किलोची भर पडते. म्हणजे मागचं ओझं दीडपट. पुढच्या चाकांवर एवढा फरक कधीच पडत नाही. टेप लावून मोजलं तर अशा ओझ्यानं गाडीचा मागचा भाग पाच सेंटिमीटरच्या आसपास दबतो.

जागा ४, दबणं ५. म्हणजे माणसं बसल्या बसल्या, गाडी जागची हलायच्या आधीच, ती रबरी ठोकळ्यावर टेकलेली आहे. पुढचा प्रत्येक खड्डा स्प्रिंगला कळतच नाही, थेट ठोकळ्यातून मागच्या माणसाच्या मणक्यात जातो. आणि चालवणारा मात्र पुढं बसलेला असतो; त्याला स्टिअरिंग घट्ट लागतं, वळणावर गाडी झुकत नाही, त्याला वाटतं गाडी मस्त चालते. निर्णय पुढं बसणाऱ्याचा, सोसणं मागं बसणाऱ्याचं. मला ही गोष्ट मनापासून लागते, कारण आमच्याकडे मागं बसणारी माणसं बहुधा आई, आजी, गरोदर बहीण किंवा दवाखान्यात न्यायचा म्हातारा बाप असतात.

मेडशीकडच्या एका गावातला पोरगा असाच आला होता. वापरलेली हॅचबॅक, मागून बरीच खाली. त्यानं दुसरीकडून नवे, महागातले कडक शॉकअप टाकून घेतले होते आणि त्रास वाढला होता. बोलता बोलता म्हणाला, "मायनं तर गाडीत बसनंच सोडलं भाऊ. म्हणते, तुह्या गाडीपक्षा एसटी बरी." शॉकअप नवे कोरे, तेलाचा थेंब नाही, गाडी मागून दाबून सोडली तर एका दमात थांबते. दोष त्यांच्यात दिसेना. मग मी माझी नेहमीची युक्ती केली. दांड्यावरचं धुळीचं रबर वर सरकवलं, स्वच्छ पुसलेल्या चकचकीत दांड्याला एक बारीक केबल टाय बांधला आणि तो खाली सीलपर्यंत सरकवून ठेवला. शॉकअप दबला की सील त्या टायला वर ढकलतं. परत उघडला की टाय तिथंच राहतो. गाडी किती खोल गेली याचा तो साक्षीदार. त्याला सांगितलं, आता घरी जा, मायला बसव, दोघं-तिघं आणखी बसव, शिरपूरला जैन मंदिरापर्यंत जाऊन ये, नेहमीच्या वेगानं.

परत आला तेव्हा टाय वर ठोकळ्याला चिकटून, चेपून बसला होता. ठोकळा काढून हातात घेतला. पिवळसर फोमचा, खालचा अर्धा भाग भुगा झालेला, बोटानं दाबला की चुरा पडत होता. त्याला म्हटलं, हे बघ, तुझी माय स्प्रिंगवर बसतच नव्हती, या एवढ्याशा रबरावर बसत होती. पोरगा बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन उभा राहिला. त्या कडक शॉकअपनी आणखी एक उपद्रव केला होता. उघडताना जोर फार असला की लागोपाठच्या खड्ड्यांवर चाक पुरतं खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो. गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी आणखी खाली बसत जाते. पांदण रस्त्यावर हे हटकून होतं. म्हणजे जागा आधीच नव्हती, होती तीही शॉकअपनं खाल्ली.

त्याच्या गाडीला उपाय शॉकअपपेक्षा स्प्रिंगनं झाला. मूळ उंचीपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटरच खाली राहील अशी कारखान्यात बनलेली स्प्रिंग, तिला जुळणारे आखूड बॉडीचे शॉकअप, आणि थोडा आखूड नवा ठोकळा. दिसायला गाडी अजून बसकीच होती. पण टाय ठोकळ्याच्या अलीकडे थांबला.

आखूड बॉडी म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण दुकानात याचीच सगळ्यात जास्त फसगत होते. शॉकअपच्या दोन लांब्या असतात: पूर्ण दाबल्यावरची आणि पूर्ण उघडल्यावरची. गिऱ्हाईक उघडी लांबी बघतं, कारण डब्यातून तो उघडाच निघतो. मी दोन्ही मोजतो. गाडी स्टँडवर घेतो, मागची स्प्रिंग आणि शॉकअप काढून ठेवतो, जॅकनं ॲक्सल हळूहळू वर नेतो. टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागायच्या आधी थांबायचं, पूर्ण दबलेल्या ठोकळ्याची जाडी हिशेबात धरायची, आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर टेपनं घ्यायचं. दाबलेला शॉकअप या अंतरापेक्षा सेंटिमीटरभर तरी आखूड हवा. नाहीतर ठोकळ्याआधी पिस्टनच तळाला जाऊन आपटतो, आतली झडप फुटते, आणि महिन्याभरात सीलमधून तेल गळायला लागतं. खाली बसवलेल्या गाडीत कंपनीचे चांगले शॉकअप लवकर जातात त्याचं हे एक मोठं कारण.

मग ॲक्सल खाली सोडायचा. आखूड स्प्रिंगसोबत मूळ लांबीचा शॉकअप असेल तर चाक हवेत लटकताना स्प्रिंग बैठकीतून सुटते, हातानं गोल फिरते. गाडी एखाद्या उंच गतिरोधकावरून उडाली आणि स्प्रिंग वाकडी बसली, तर पुढचं सांगायला नको. चाक पूर्ण लटकलेलं असतानाही स्प्रिंग बैठकीत दाबूनच राहिली पाहिजे. उघडी लांबी ठरते ती इथं. गतिरोधकाचंही सांगतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर उताराचा असतो. गावोगावी आपण जे ओलांडतो ते उंचीला तेवढेच किंवा जास्त आणि रुंदीला हातभर. बसक्या गाडीचं पोट त्यावर घासतं ते निराळंच, पण मागचं चाक त्याच्यावरून खाली पडतं तेव्हा शॉकअप एका झटक्यात पूर्ण उघडतो आणि पूर्ण दबतो.

गॅसचे घ्यावेत की तेलाचे, एका नळीचे की दोन नळ्यांचे, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. एका नळीची, जास्त दाबाच्या गॅसची रचना फ्रान्सच्या द कार्बन यांची. जर्मनीच्या बिलस्टाइननं १९५७ मध्ये ती मर्सिडीजच्या गाड्यांना दिली. तेल लवकर फेसाळत नाही, उष्णता बाहेरच्या नळीतूनच हवेत जाते, त्यामुळे समृद्धीवर तासन् तास चालणाऱ्या गाडीला ती रचना खरंच भावते. पण नळी एकच. बाहेरून दगड लागून तिला पोचा पडला की पिस्टन आत अडकतो. शिवाय आतल्या दाबामुळं ती गाडीला थोडी वर उचलूनही धरते, आणि उंचीचा हिशेब बदलतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेर पोचा पडला तरी आतली कामाची नळी बहुधा वाचते. आमच्या बाजूला गिट्टी उडणारे रस्ते कमी नाहीत. म्हणून रोज गावरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी कमी दाबाचे, दोन नळ्यांचे गॅस शॉकअप सांगतो. फिरवून जोर कमी-जास्त करता येणारे महागडे सेट घेऊन येणारेही आहेत. माझं म्हणणं, घेतलेच आहेत तर बटण मधोमध ठेवा, ओझं भरून चालवा आणि एकेक घर बदलत जा. बहुतेकांनी ते पहिल्याच दिवशी शेवटच्या घराला नेलेलं असतं.

गावोगावचे मिस्त्री दुसऱ्याच मॉडेलचा आखूड शॉकअप बसवतात, हेही मी पाहतो. अकोल्याच्या दुकानात शॉकअपच्या टोकाच्या डोळ्यातलं रबरी बुश, बोल्टची जाडी, वरचा आटा जुळला की काम झालं असं मानतात. जुळणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. तो शॉकअप ज्या गाडीसाठी बनला तिचं मागचं वजन आणि स्प्रिंग वेगळी होती. झडपा तिच्या हिशेबाच्या आहेत. जड गाडीचा शॉकअप हलक्या गाडीला लावला की ती रिकामी असताना मागून टणाटण उडते आणि पावसात वळणावर मागचं चाक जमीन सोडतं. पातूरच्या घाटात ही गंमत कुणी करू नये.

बसवतानाच्या दोन गोष्टींवर मी कधीच तडजोड करत नाही. नवा दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडून असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा किंवा गॅस शिरलेला असतो. डब्यातून काढून दाबला तर मध्येच पोकळ लागतो. पुष्कळ जण तो खराब म्हणून परत करतात किंवा तसाच चढवतात. उभा धरून, हळूहळू पूर्ण उघडून आणि पूर्ण दाबून तो सळसळ न करता एकसारखा चालेपर्यंत हात चालवायचा, आणि मग उभाच ठेवून बसवायचा. हे मला अकोल्यातल्या माझ्या उस्तादांनी शिकवलं. ते शॉकअप कानाजवळ धरून दाबायचे. दुसरी गोष्ट बुशची. खालचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचा आवळायचा नाही. गाडी जमिनीवर, तिच्या नेहमीच्या उंचीवर उभी असतानाच आवळायचा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि बसक्या गाडीत काही महिन्यांतच फाटून खटखट सुरू होते.

शॉकअपच्या पलीकडच्याही काही गोष्टी पाहाव्या लागतात. काही जुन्या गाड्यांना मागच्या ॲक्सलपासून बॉडीपर्यंत एक काडी जोडलेली झडप असते. गाडीत ओझं भरलं की बॉडी खाली येते, काडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी बसवली की त्या झडपेला वाटतं गाडी कायम भरलेली आहे. मग रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. ती काडी नव्यानं लावून घ्यायची असते, आणि हे कुणीच करत नाही. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बसली असेल तर हेडलाइट वर होतात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. रात्रीच्या दोनपदरी रस्त्यावर हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

कायद्याचंही मी प्रत्येकाला सांगतो, आवडो न आवडो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आली. अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर कापलेली स्प्रिंग पाहून गेला, तर दाव्याचं काय होईल याचा विचार आधीच करावा. म्हणून विचारणाऱ्याला माझा पहिला सल्ला गाडी मूळ उंचीवर परत नेण्याचा असतो. पुष्कळ जण ऐकतात, विशेषतः लग्न झाल्यावर. जे ऐकत नाहीत त्यांची गाडी मी परत पाठवत नाही, कारण ती तशीच रस्त्यावर धावणार असते आणि तिच्या मागच्या सीटवर माणसं असणारच असतात.

तेव्हा मागचे शॉकअप घ्यायला निघालात, तर गाडी धुऊनपुसून रिकामी करून कुठल्याही मिस्त्रीकडे नेऊ नका. रोज जी माणसं मागं बसतात त्यांना सोबत घ्या, डिक्कीतलं सामान तसंच राहू द्या. मिस्त्रीला आधी टेप लावायला सांगा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, गाडी भरलेली असताना आणि रिकामी असताना. तो मोजायला तयार नसेल तर दुसरा मिस्त्री पाहा. आणि कंपनीचे काढलेले शॉकअप, स्प्रिंगा भंगारात देऊ नका. गाडी पुन्हा वर घ्यायची वेळ आली की त्याच लागतात.